परदेशाची वाट तहसिलातून जाते

दसरा-दिवाळी उलटली की गेवराई तालुक्यातील कितीतरी गावे अर्धी रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी बिऱ्हाड ट्रकमध्ये टाकून कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे आणि सीमेपलीकडे बेळगावच्या साखर कारखान्यांकडे निघतात व गाळप संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, उसाच्या फडाशेजारीच संसार मांडतात. नेमक्या याच महिन्यांत परदेशी विद्यापीठांची पुढील वर्षाच्या प्रवेशाची दारे उघडतात. अमेरिकेतील बहुतेक नामांकित विद्यापीठांचे अर्ज डिसेंबर-जानेवारीत स्वीकारून बंदही होतात. या दोन कालगणनांचा एकमेकींशी काही संबंध असेल हे पुण्या-मुंबईच्या सल्लागारांच्या गावीही नसते. परंतु ज्या घरातील पहिलीच पिढी पदवीपर्यंत पोचली आहे आणि ज्या मुलाच्या वा मुलीच्या मनात पुढे परदेशी जाऊन शिकावे असे आले आहे, त्या घरावर या दोन्ही कालगणना एकदमच कोसळतात. अर्जासोबत लागणारा उत्पन्नाचा दाखला, वडिलांचे प्रतिज्ञापत्र, आईच्या बँक खात्याचा उतारा हे सारे ज्या दिवसांत हवे असते, त्या दिवसांत आईवडील साडेतीनशे-चारशे किलोमीटरवर ऊस तोडत असतात. आधार कार्डाशी जोडलेल्या मोबाइलवर आलेला आकडा पहाटेच्या अंधारात कोयता हाती घेतलेल्या बापाने वाचून सांगावयाचा असतो, आणि तो फोन कधी चार्ज झालेला नसतो, कधी तिथे रेंज नसते.

परदेशी शिक्षणाचा प्रश्न कष्टकऱ्यांच्या चळवळीने हाती घ्यावा हेच काही जुन्या कार्यकर्त्यांना विचित्र वाटेल. जिथे जिल्हा परिषदेच्या शाळेला शिक्षक पुरत नाहीत, जिथे हंगामात मुले आईबापांबरोबर फडावर जाऊन शाळेला मुकतात, तिथे लंडन-न्यूयॉर्कची भाषा कशासाठी, हा त्यांचा सवाल आहे. तो झटकून टाकण्याजोगा नाही. पण त्यातील एक गृहीत तपासून पाहिले पाहिजे. परदेशी शिक्षण हा थोड्यांचा शौक राहिला आहे, हे आता खरे नाही. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात एकट्या अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी शिकत होते आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येत भारताने चीनला मागे टाकले होते. ज्या विद्या, ज्या ओळखी आणि ज्या नोकऱ्या पुढील तीस-चाळीस वर्षे या देशात सत्ता गाजविणार आहेत, त्यांची वाटणी आज त्या वर्गखोल्यांत होत आहे. मराठवाड्याला अशा वाटणीचा जुना अनुभव आहे. बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता तेव्हा याच मातीतील शेतसारा निजामाच्या खजिन्यात जात असे आणि त्या खजिन्यातून मोजक्या घराण्यांतील मुलामुलींना विलायतेस धाडले जाई. सरोजिनी नायडू १८९५ मध्ये इंग्लंडला शिकावयास गेल्या त्या निजामाच्याच शिष्यवृत्तीवर. त्यांच्या बुद्धीबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. गोदाकाठच्या शेतकऱ्याच्या घरात तशी बुद्धी जन्मास आली असेल, तर तिला हैदराबादच्या दरबाराचा पत्ता ठाऊक नव्हता, एवढेच म्हणावयाचे आहे. दरबार १९४८ मध्ये गेला. पत्ता अजूनही बहुतेकांना ठाऊक नाही.

हा पत्ता म्हणजे काय, ते एका कल्पित उदाहरणाने पाहता येईल. समजा, तलवाडा किंवा उमापूरकडील एखाद्या गावातील मुलगी गेवराईच्या महाविद्यालयातून विज्ञानाची पदवी घेऊन बाहेर पडली आहे. ती हुशार आहे, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अजून तिचे लग्न लावून दिलेले नाही. हंगामाला निघण्यापूर्वी मुलीचे हात पिवळे करून टाकण्याची या भागातील रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही दुसरी गोष्ट किती मोठी आहे ते सांगावे लागणार नाही. आता तिने परदेशी जाण्याची तयारी करावयाची आहे. शहरातील घरात या तयारीचा अर्थ अभ्यास असा होतो. इंग्रजीच्या परीक्षेची शिकवणी लावावी, चांगली विद्यापीठे निवडावीत, निबंध लिहावा. गेवराईत तयारीची सुरुवात तहसील कचेरीत होते.

पहिली अडचण नावाची. दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे; आधारवर वेगळा क्रम; शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांचे नाव 'राव' लावून, तर शिधापत्रिकेवर बिनरावाचे. परदेशी विद्यापीठाच्या अर्जात पहिले नाव कोणते आणि आडनाव कोणते हे दोनच रकान्यांत भरावयाचे असते आणि ते पासपोर्टशी अक्षरशः जुळावे लागते. खुद्द गावाच्या नावाचीही तीच गत. जुन्या सरकारी इंग्रजी वळणात 'गेवराई'मधला 'व' लिहिलाच जात नाही, अलीकडच्या कागदांवर तो लिहिला जातो, आणि दोन कागदांवर दोन गावे दिसतात. तलाठ्याला वा मंडळ अधिकाऱ्याला यात काही वावगे वाटत नाही, कारण त्यांना गाव माहीत आहे. हजारो मैलांवरच्या व्हिसा अधिकाऱ्याला ते माहीत नाही. मग राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करा, प्रतिज्ञापत्र करा, मुद्रांक आणा, अशा फेऱ्या सुरू होतात आणि दोन महिने जातात.

दुसरी अडचण जातीच्या दाखल्याची व त्याच्या पडताळणीची. शिष्यवृत्ती हवी तर हे कागद हवेत. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो. पश्चिम महाराष्ट्रात तो शाळेच्या जुन्या निर्गम उताऱ्यात अनेकदा सापडतो. मराठवाड्यातील जुने महसुली दप्तर निजामी अंमलातील, बहुतांशी उर्दूत लिहिलेले. ते वाचू शकणारी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. शिवाय ज्या भटक्या कुटुंबाचा आजा कोणत्याच गावच्या शाळेत गेला नाही, त्याने आपण भटके होतो याचा स्थिर पत्त्यावरचा पुरावा आणावा, ही अपेक्षा ज्या कोणी केली असेल त्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी लागेल.

यानंतर विद्यापीठाचे कागद. गुणपत्रकांच्या मोहोरबंद प्रती शंभरेक किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगरहून मिळवावयाच्या. प्राध्यापकांची दोन किंवा तीन शिफारसपत्रे हवीत, आणि ती विद्यार्थ्याच्या हाती न देता प्राध्यापकाने स्वतःच्या संस्थेच्या ई-मेलवरून धाडावयाची. ग्रामीण महाविद्यालयांतून पूर्णवेळ जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवून तासिका तत्त्वावर शिक्षक नेमण्याची जी चाल शासनाने पाडली आहे, तिचा हा एक अनपेक्षित परिणाम आहे. ज्या शिक्षकाने तिला दुसऱ्या वर्षी मन लावून शिकविले तो तिसऱ्या वर्षी दुसऱ्याच तालुक्यात तास घेत असतो किंवा पोटासाठी दुसराच धंदा करीत असतो. संस्थेचा ई-मेल त्याला कधी मिळालेलाच नसतो. जो कायम नोकरीत आहे तो भला असला तरी असे पत्र त्याने आयुष्यात लिहिलेले नसते. 'सदर विद्यार्थिनी माझ्या माहितीप्रमाणे सद्वर्तनी आहे' एवढ्या दाखल्याच्या भाषेत त्याची शिफारस संपते. परदेशी विद्यापीठाला मात्र त्या मुलीने कोणता प्रश्न विचारला, कोणता प्रयोग फसल्यावर पुन्हा केला, हे जाणून घ्यावयाचे असते.

सर्वांत अवघड भाग स्वतःबद्दलच्या निबंधाचा. आपण कोण आहोत, हाच विषय का शिकावयाचा आहे आणि शिकून काय करणार, हे पानभर इंग्रजीत लिहावयाचे असते. अडचण इंग्रजीची आहेच, पण ती दुय्यम आहे. चारचौघांत स्वतःविषयी बोलू नये, मोठ्यांपुढे मान वर करू नये, अशा वळणात वाढलेल्या मुलीला 'मी' या शब्दाने वाक्य सुरू करणे हाच मोठा अडथळा वाटतो. आपण फडावर पाचटाच्या खोपीत राहिलो, आईच्या मागे मोळ्या बांधल्या, सहामाही परीक्षा दोनदा बुडाली, हे लिहावे की लपवावे, याचा निर्णय तिला एकटीने करावा लागतो. पैसे घेऊन निबंध लिहून देणारे तिला तयार साचा देतात, त्यात लहानपणापासून संगणकाची आवड असते आणि गेवराई कुठेच नसते. वास्तविक त्या फडावरच्या सहा महिन्यांत तिने पाणी, मजुरी, आरोग्य आणि यंत्र यांच्याबद्दल जे पाहिले आहे तेच तिच्या अर्जाचे बळ ठरू शकते. पण हे तिला सांगणारे माणूस तालुक्यात हवे. गरिबीचे प्रदर्शन मांडणे आणि अनुभवाने दिलेला प्रश्न मांडणे यांतील सीमारेषा बारीक असते, आणि ती शिकविण्यास एक दुपार पुरत नाही.

इथवर केवळ कागद झाले. पैशाचा विचार अजून आलेला नाही.

इंग्रजीच्या परीक्षेची फी सतरा-अठरा हजारांच्या घरात जाते, आणि परीक्षा द्यावयास बाहेरगावी जावे लागते ते निराळेच. जर्मनीतील बहुसंख्य सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही असे ऐकून अनेक गरीब मुले तिकडे वळतात, परंतु नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना कागदपत्रांच्या छाननीचे एक प्रमाणपत्र घ्यावे लागते, त्याची फी अठरा हजार रुपये, आणि वर्षभराच्या निर्वाहासाठी ११,९०४ युरो एका गोठविलेल्या खात्यात आधीच भरून दाखवावे लागतात, असा नियम सप्टेंबर २०२४ मध्ये आला. फी नसलेल्या शिक्षणाच्या दाराशी ठेवलेला हा उंबरठा दहा लाख रुपयांहून उंच आहे. अमेरिकेचे दोन शुल्क मिळून ५३५ डॉलर मुलाखतीपूर्वीच जातात आणि व्हिसा नाकारला तरी ते परत येत नाहीत. मुलाखत मुंबईला. गेवराईत रेल्वे नाही. बीडलाच पहिली गाडी यावयास २०२५ चा १७ सप्टेंबर उजाडावा लागला. तेव्हा रात्रीची एस.टी. किंवा खासगी बस, आणि सकाळी वांद्र्याच्या रांगेत उभे राहणे.

कर्ज काढावे म्हटले तर बँकेच्या खिडकीत एक विलक्षण कोडे उभे राहते. शैक्षणिक कर्जाच्या प्रचलित योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारणाची सक्ती नाही, त्यापुढे मात्र तारण लागते. इंग्लंडातील एका वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च साडेसात लाखांत भागत नाही, तो त्याच्या तिप्पट-चौपट होतो. वडिलांच्या नावे चार एकर जमीन आहे असे धरू. बँक ती तारण म्हणून स्वीकारण्यास सहसा नाखूश असते, कारण थकलेल्या कर्जासाठी तारण जप्त करण्याचे अधिकार बँकांना देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. ती वगळली हे योग्यच झाले. शेतकऱ्याची जमीन बँकेच्या घशात जाऊ नये असा आग्रह शेतकरी व कामगार चळवळींनीच धरला होता आणि तो आजही धरला पाहिजे. पण त्याचा परिणाम असा की पुण्यातील दोन खोल्यांच्या सदनिकेवर मुलगा परदेशी जाऊ शकतो आणि कालव्याखालच्या चार एकरांवर जाऊ शकत नाही. गावठाणातील घराला तर अनेक ठिकाणी मालमत्ता पत्रकच नाही. उरतात त्या खासगी वित्त कंपन्या. त्या तारणाविना कर्ज देतात आणि चढे व्याज घेतात. ज्या बापाने आयुष्य उचल फेडण्यात घालविले, त्याला या कर्जाची ओळख पटावयास वेळ लागत नाही. हंगामापूर्वी हातात रक्कम द्यावयाची आणि पुढची वर्षे बांधून घ्यावयाची, ही रीत त्याने पाहिलेलीच आहे.

पूर्वी यातून एक वाट होती. जयप्रकाश नारायण १९२२ मध्ये अमेरिकेस गेले ते द्राक्षमळ्यांत, कारखान्यांत, उपाहारगृहांत मजुरी करीत शिकले. फी वाढली म्हणून विद्यापीठ बदलले, पुन्हा काम धरले, पुन्हा वर्गात बसले. आज अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसावर पहिल्या वर्षी विद्यापीठाच्या आवाराबाहेर काम करता येत नाही आणि आवारातही सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांची मर्यादा आहे. शिवाय पहिल्या वर्षाचा सारा खर्च हाती आहे हे देश सोडण्यापूर्वी सिद्ध करावे लागते. जयप्रकाशांची वाट कायद्याने बुजली आहे. गरिबाला स्वतःच्या हातांच्या बळावर जाता येत नाही, म्हणूनच शिष्यवृत्तीचा प्रश्न पूर्वीपेक्षा आज अधिक निकडीचा आहे.

शिष्यवृत्त्या नाहीत असे नव्हे. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी ७५ जणांना मिळू शकते, आणि पुढे इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त व आदिवासी यांच्यासाठीही योजना आल्या. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. तिच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींना, ६ विमुक्त-भटक्या जमातींना आणि ४ भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांना. हा शेवटचा आकडा गेवराईच्या कार्यकर्त्यांनी लिहून ठेवावा. साऱ्या भारतातील भूमिहीन मजूर आणि सारे पारंपरिक कारागीर मिळून चार. एकट्या बीड जिल्ह्यातून दर हंगामाला बाहेर पडणाऱ्या ऊसतोड कामगारांची गणती लाखांत होते.

जागा मिळाली तरी रकमेचा मेळ बसत नाही. या शिष्यवृत्तीतील निर्वाह भत्ता इंग्लंडसाठी वर्षाला ९,९०० पौंड असा ठरविलेला आहे. जानेवारी २०२५ पासून ब्रिटिश सरकारने व्हिसासाठी जी शिल्लक मागितली ती लंडनमध्ये दरमहा १,४८३ पौंड या हिशेबाने नऊ महिन्यांची १३,३४७ पौंड, आणि लंडनबाहेर १,१३६ पौंडांप्रमाणे १०,२२४ पौंड होत होती. त्याच वर्षाच्या अखेरीस ती आणखी वाढविण्यात आली. म्हणजे भारत सरकारचा पूर्ण वर्षाचा भत्ता ब्रिटिश सरकारच्या नऊ महिन्यांच्या किमान हिशेबालाही पुरत नाही. मधली तफावत शेतमजुराच्या मुलीने कोठून आणावयाची, याचे उत्तर कोणत्याही परिपत्रकात नाही. निवडयाद्या वेळेवर लागत नाहीत ही तर कायमचीच रड. २०२५ च्या जुलैमध्ये केंद्राच्या यादीत निवडलेल्या १०६ पैकी ४० जणांनाच प्रथम पत्रे मिळाली आणि उरलेल्या ६६ जणांना निधीच्या उपलब्धतेनुसार कळविण्यात येईल असे सांगण्यात आले, तेव्हा परदेशातील वर्ग सुरू होण्यास दोनेक महिनेच उरले होते.

त्याहून गंभीर गोष्ट २०२२ मध्ये घडली. केंद्राच्या या शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. हा नियम शंभर वर्षांपूर्वी असता तर काय झाले असते, याचा हिशेब करणे बोधप्रद आहे. डॉ. आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेला भारतातील जातींविषयीचा निबंध त्यात बसला नसता. बर्लिनमध्ये १९३३ पर्यंत राहून भारतातील मिठाच्या कराचा अभ्यास करणाऱ्या राममनोहर लोहियांचा विषयही संशयास्पद ठरला असता. मिठाचा कर हा काही जर्मनांचा प्रश्न नव्हता. पण तो दुरून, दुसऱ्या देशाच्या ग्रंथालयांत बसून तपासण्यात अर्थ होता. ऊसतोडीच्या मजुरीच्या करारांचा ब्राझीलमधील उसाच्या मळ्यांशी तुलना करून अभ्यास करावा असे गेवराईच्या एखाद्या मुलाच्या मनात आले, तर सरकार त्याला सांगणार की विषय भारताचा असल्याने पैसे मिळणार नाहीत. यंत्रे आणि औषधे शिकून यावे, आपल्या समाजाची घडण शिकू नये, असा याचा अर्थ होतो.

शासनाने जी जागा रिकामी ठेवली ती दलालांनी भरली आहे. परदेशी संस्थांकडून विद्यार्थ्यामागे दलाली घेणारा सल्लागार विद्यार्थ्याला 'मोफत मार्गदर्शन' करतो, आणि जिथे दलाली अधिक तिथे त्याला धाडतो. २०२३ मध्ये पंजाबातील शेकडो विद्यार्थ्यांवर कॅनडातून परत पाठविले जाण्याचे संकट आले, कारण दलालाने दिलेली त्यांची प्रवेशपत्रेच खोटी निघाली. विद्यार्थी तोवर तिथे शिकूनही झाले होते. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा तळघरांत दडून बसलेल्या हजारो भारतीय विद्यार्थ्यांत वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेले फार होते, आणि त्यांत लहान गावांतील, जमीन विकून गेलेल्या घरांतील मुले कमी नव्हती. देशातील खासगी वैद्यकीय महाविद्यालयांनी ज्यांना किमतीने हाकलले तेच हे विद्यार्थी. त्यांच्या मूर्खपणावर तेव्हा काही वर्तमानपत्रांतून शेरे आले. ते शेरे शिक्षणाचा बाजार मांडणाऱ्यांवर यावयास हवे होते.

आता राहिला जुना आक्षेप. जाणारे परत येत नाहीत, मग समाजाने त्यांच्यावर खर्च का करावा? यात तथ्य आहे आणि ते नाकारून चालणार नाही. पण परत येण्याची जबाबदारी एकट्या विद्यार्थ्यावर टाकताना बडोद्याची हकीकत विसरता कामा नये. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार लिहून घेतला. आंबेडकर करारास जागले. १९१७ मध्ये शिक्षण अर्धे टाकून ते बडोद्यास रुजू झाले. ज्या माणसाला न्यूयॉर्कमध्ये राहावयास खोली मिळाली होती, त्याला बडोदे शहरात कोणी खोली दिली नाही, आणि पारशी धर्मशाळेतूनही हुसकावून लावल्यावर त्याला मुंबईस परतावे लागले. करार विद्यार्थ्याने मोडला नाही, गावाने मोडला. पुढे १९२० मध्ये स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज यांच्या आधारे ते पुन्हा लंडनला गेले व १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. आज गेवराईचा विद्यार्थी उच्च पदवी घेऊन आला तर त्याला द्यावयास आपल्याकडे काय आहे? तासिका तत्त्वावरची नोकरी. तेव्हा परतीची अट घालणाऱ्यांनी परतीच्या जागाही मागाव्यात. रिक्त प्राध्यापकपदे भरण्याची मागणी आणि परदेश शिष्यवृत्तीची मागणी या एकाच मोर्चाच्या दोन घोषणा आहेत.

मागण्या उघड आहेत. निर्वाह भत्ता त्या त्या देशाच्या व्हिसाच्या नियमाशी बांधावा. निवडयादी मे महिन्यात लागावी. शेती हेच एकमेव उत्पन्न असलेल्या घरांसाठी शैक्षणिक कर्जाची हमी राज्याने घ्यावी, जमीन तारण मागू नये. भूमिहीनांच्या चार जागांची थट्टा थांबवावी आणि विषयावरील बंदी उठवावी. यासाठी निवेदने, धरणी, विधिमंडळातील प्रश्न हे सारे करावेच लागेल, आणि पक्षाला ते नवे नाही.

परंतु काही गोष्टींसाठी शासनाची वाट पाहण्याचे कारण नाही. यवतमाळहून काम करणाऱ्या एकलव्य संस्थेने व तिचे संस्थापक राजू केंद्रे यांनी विदर्भातील ग्रामीण, पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना अर्ज, निबंध आणि मुलाखत यांची शिस्तशीर तयारी करून देऊन देशातील व परदेशातील चांगल्या विद्यापीठांपर्यंत पोचविले आहे. त्यांनी काही जादू केली नाही. आधी गेलेल्यांनी मागून येणाऱ्यांच्या शेजारी बसावे एवढी सोय केली. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावे ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना २०२१ मध्ये जाहीर झाली आणि तिच्या पहिल्या टप्प्यात गेवराई तालुका आहे. वसतिगृहातील अकरावी-बारावीच्या मुलामुलींचे कागद तिथेच तपासले तर पदवीच्या वेळी धावपळ उरणार नाही. नावाची दुरुस्ती अकरावीत करणे सोपे असते, व्हिसाच्या आदल्या महिन्यात ती अशक्य होते.

तालुका शाखांनी यासाठी मे महिना राखून ठेवावा. कारखान्यांची धुराडी तोवर थंडावलेली असतात, टोळ्या गावी परतलेल्या असतात, आई आणि बाप दोघेही घरात सापडण्याचा तो महिना असतो. गेवराई, मादळमोही, तलवाडा, उमापूर, चकलांबा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी मेज मांडावे. एक कार्यकर्ता नावे व जन्मतारखा जुळवून पाहील, दुसरा उत्पन्नाच्या व जातीच्या दाखल्याचे अर्ज भरून घेईल, तिसरा उर्दू दप्तर वाचू शकणाऱ्या एखाद्या वृद्ध गुरुजींना घरून आणील. पासपोर्टचा अर्ज त्याच मेजावर व्हावा. ज्या घरात मुलगी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे ती घरे आधी घ्यावीत, कारण पुढच्या दिवाळीत ट्रक पुन्हा दाराशी येईल तेव्हा तिच्या बापाच्या सह्या झालेल्या असाव्यात.